मॅडम, तुमी गेल्या की बंद पडतंय!

जुन्या चार्जरच्या वायरी कुणी मुद्दाम जमवत नाही. तरी एक दिवस ड्रॉवर उघडला की परत लागत नाही! आमच्या कामातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. चहाच्या वेळी कुणीतरी एक ओढतं आणि त्याच्यात गुंतलेले आणखी चार बाहेर येतात.

आम्ही तिघं. दिलीपसर आमच्या छोट्याशा कंपनीचे मालक. मुश्ताकभाईंकडं केबल, राउटर आणि जिथं चढायला लागतं ते सगळं. आणि मी वैशाली, सॉफ्टवेअर बघणारी. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ज्याचा कॉम्प्युटर रुसतो, तो आम्हाला फोन करतो.

आमच्याकडं येणारा नेहमीचा आजार आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं अडायला नको. कॉम्प्युटरमधले काही प्रोग्रॅम पडद्यावर येतच नाहीत. मागच्या मागं गुपचूप काम करत राहतात. त्यांना सर्व्हिस म्हणतात. आता समजा या सर्व्हिसला दुसऱ्या गावच्या सर्व्हरवर काही पाठवायचंय. तर तिथवर जोडणी करून देणारं एक सॉफ्टवेअर लागतं, त्याला आम्ही क्लायंट म्हणतो. हा क्लायंट मोठा लाडावलेला! तो लॉगिन करून समोर बसलेल्या माणसालाच ओळखतो. माणसाला सर्व्हरवरचं फोल्डर डोळ्यांसमोर दिसतं, आणि मागं राबणारी सर्व्हिस मात्र तेच फोल्डर शोधून दमते आणि लिहिते, 'पाथ नॉट फाउंड', म्हणजे रस्ता सापडला नाही.

बास. या एवढ्याशा दुखण्यानं आम्हाला सगळा मुलूख हिंडवून आणला.

*

सांगवीच्या एका दूध संकलन केंद्रात दुधाचं माप आणि फॅट कॉम्प्युटरमध्ये येतं आणि तिथून तालुक्याच्या ऑफिसात जातं. ते जायचं थांबलं. मी गेले, लॉगिन केलं, सगळं धडाधड जायला लागलं! चहा घेतला, लॉग ऑफ केलं, स्कूटी काढली. कालव्याच्या पुलापर्यंत पोचते तोवर फोन.

"मॅडम, तुमी गेल्या की बंद पडतंय!"

परत गेले. चालू. निघाले. बंद.

पुन्हा गेले तेव्हा केंद्राचे चेअरमन तात्या दारातच उभे. कॉम्प्युटरशेजारी एक गादीची खुर्ची मांडलेली, टेबलफॅन तिच्याकडं वळवलेला.

"मॅडम, आमी इचार केलाय. तुमी हितंच ऱ्हावा. कामाला हात लावू नका. बसायचं फकस्त!"

त्या खुर्चीत बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी लॉग ऑफ केलं की क्लायंटही बंद होत होता, आणि सर्व्हिसचा रस्ताच तुटत होता. मी तात्यांना समजावलं, की सर्व्हिस जागी आहे, सर्व्हरही जागेवर आहे, पण मी उठले की तिला तो सापडत नाही.

तात्यांचा चेहरा खुलला. "आमच्या थोरल्याचंबी तसंच हाय! सूनबाई म्हायेरी गेली की त्याला साखरंचा डबा घावत न्हाय. डबा तितंच असतोय!"

मी जोडणी अशी बदलून दिली, की मशीन सुरू झालं की ती आपोआप व्हावी, कुणी लॉगिन करो न करो. नंतर तक्रार आली नाही. पण ती खुर्ची अजून तिथंच आहे. कुणी बसायला लागलं तर तात्या उठवतात.

"ती मॅडमची हाय!"

नोकरीत कित्येकांना केबिन मिळते. मला सांगवीत खुर्ची मिळाली, तीही गादीची.

*

लासुर्ण्याचे आबा. बियाणं आणि खतांचं दुकान. पूर्वी ग्रामपंचायतीत होते, आणि ते 'होते' हे त्यांना अजून मान्य नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरचा बॅकअप घरच्या कॉम्प्युटरवर जायचा, तो जाईना. दिलीपसरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"आबा, त्या सर्व्हिसच्या नावावर डबल क्लिक केलं? आता वर 'लॉग ऑन' लिहिलेलं दिसतंय?"

"दिसतंय की."

"तिथं काय आहे?"

"लोकल सिस्टिम."

"बरोबर. ती सर्व्हिस लोकल सिस्टिम या अकाउंटवर चाललीये. त्याला घरच्या कॉम्प्युटरवर जायची परवानगी नाही. तर त्याला काढायचं आणि मी सांगतो तो अकाउंट तिथं घालायचा."

आबांनी माउस सोडला.

"लोकल काढायचा?"

"हो."

"आन भायरचा बशिवायचा?"

"आबा, तो बाहेरचा असा नाही, फक्त त्याला..."

"दिलीपराव! मी पंचायतीत हुतो तवर एक भायरचा उमेदवार गावात टिकू दिला न्हाय. आन तुमी फोनवर सांगताय, लोकल काढा?"

मुश्ताकभाई टेबलाखाली केबल शोधायच्या निमित्तानं वाकले ते वर येईनात. दिलीपसर मात्र मुरलेले. शांतपणे म्हणाले, "आबा, आपण असं करू. नवीन अकाउंटला नाव तुमचंच देऊ. आबा!"

"माजंच?"

"तुमचंच. दुसरा कुणी उमेदवार नाही."

"मग हरकत न्हाय," आबा म्हणाले. "बिनविरोध!"

*

मुश्ताकभाईंचा एक सांगायलाच हवा. त्यांच्यासमोर सांगते, कारण मागं सांगितला तर ते म्हणतात, "पूरा नाही सांगितला."

कन्हेरीला एका काका-काकूंची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे. शेडमधल्या कॉम्प्युटरवर एक सर्व्हिस पाण्याचं आणि ओलाव्याचं माप घेते आणि घरातल्या कॉम्प्युटरवर पाठवते. टोमॅटोची रोपं ऐन नाजूक वयात, आणि माप पोचेना. पाणी जास्त होतंय का कमी, कळायला मार्ग नाही. काकू सारख्या शेडकडं पळत होत्या.

मी घरात बसले, मुश्ताकभाई केबल तपासत शेडकडं निघाले. नजर केबलवर, पाय पुढं. पुढं हौद! धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ त्यांचा, "मोबाइल बाहेर ठेवलाय! मोबाइल बाहेर ठेवलाय!"

काकूंनी त्यांना बाहेर काढलं, टॉवेल दिला आणि काकांचे कपडे आणून ठेवले. आता काका म्हणजे एकेकाळचे पैलवान. आणि मुश्ताकभाई म्हणजे उभी केलेली अँटेना! काकांच्या सदऱ्यात ते दोनदा बसले असते. लेंगा कमरेवर राहीना, तेव्हा त्यांनी बॅगेतून लॅन केबलचा तुकडा काढला आणि नाडीवरून आवळून बांधला. त्याच वेशात, दाराकडं पाठ करून, घरातल्या कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी दोष शोधला. रस्ता ठीक होता, पण घरच्या कॉम्प्युटरचा फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारेकरी, सर्व्हिसला आत घेत नव्हता. त्यांनी पहारेकऱ्याला तिची ओळख करून दिली.

तेवढ्यात काका शेतातून आले. दारातच थांबले. समोर त्यांचा सदरा, त्यांचाच लेंगा, आणि आत पाठमोरा कुणीतरी. काकांनी स्वतःच्या अंगाकडं बघितलं, परत खुर्चीकडं बघितलं, आणि घाबऱ्या आवाजात काकूंना विचारलं,

"अगं, मी एवढा वाळलो व्हय?"

रोपं वाचली. मुश्ताकभाईंचे कपडे वाळेपर्यंत काकूंनी आम्हाला उठू दिलं नाही. भाकरी, वांग्याचं भरीत, वर दही. निघताना मुश्ताकभाई कपडे परत द्यायला लागले तर काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. परत याल तवा लागतील!"

*

मध्येच एक छोटं. आमच्या ऑफिसात काम संपलं की कॉम्प्युटरवर त्याची नोंद बंद करायची असते. तिकीट क्लोज करणं म्हणतात त्याला. आम्ही तिघंही विसरतो. पण दिलीपसरांना कधी अडत नाही. ते संध्याकाळी गिऱ्हाइकांनी आम्हाला दिलेल्या, दारामागं ठेवलेल्या पिशव्या बघतात आणि मला विचारतात,

"पेरू कुणाचे?"

"निमगावचे, सर."

"म्हणजे त्यांचं प्रिंटरचं झालं. आणि हा गूळ?"

"लासुर्ण्याचा."

"आबांचं झालं. मेथी?"

"ती मी घरासाठी बाजारातून विकत घेतलीये, सर."

"म्हणजे मेथीवाल्यांचं काम राहिलंय. ते तिकीट ओपनच ठेव!"

*

इंदापूरकडच्या अण्णांचं डाळिंबाचं पॅकहाऊस आहे. परदेशी जाणारा माल थंड खोलीत असतो. खोलीचं तापमान एक सर्व्हिस सतत ऑफिसातल्या सर्व्हरवर पाठवते आणि तिथून अण्णांच्या मोबाइलवर मेसेज जातो. अण्णांना त्या मेसेजच्या टुंगची इतकी सवय, की जेवताना टुंग वाजलं नाही तर त्यांना घास जात नाही.

एका दुपारी टुंग वाजलं नाही. अण्णा ताट सोडून उठले आणि थेट थंड खोलीत गेले. तर खोली थंड ठेवणारं मशीन ट्रिप होऊन बंद पडलेलं! खोली गरम व्हायला लागली होती. अण्णांनी माणसं बोलावली, मशीन सुरू करून घेतलं, मग आम्हाला फोन केला. सगळ्या बागायतदारांचा हंगामाचा माल त्या एका खोलीत होता.

मी जाऊन बघितलं. मेसेज थांबायचं कारण मशीन नव्हतंच, ते वेगळं होतं. त्याच सकाळी ऑफिसानं सुरक्षेसाठी सगळ्यांचे पासवर्ड बदलले होते. सर्व्हिस ज्या अकाउंटवर चालायची, त्याचाही बदलला. सगळ्या माणसांना नवीन पासवर्ड मिळाले. सर्व्हिसमध्ये मात्र कुणी घातलाच नाही. ती जुनाच पासवर्ड घेऊन दारावर धडका मारत राहिली आणि शेवटी सर्व्हरनं तिला कुलूपच लावलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी समद्यास्नी सांगितलं, आन जो रातंदिस राबतोय त्यालाच सांगितलं न्हाय?"

"तसंच झालं अण्णा."

"लगनात असंच हुतं!" अण्णा ऑफिसातल्या पोरींकडं वळून म्हणाले. "समद्या तालुक्याला पत्रिका जाती आन घरातला चुलताच ऱ्हातोय! मग त्यो रुसंल न्हाय तर काय?"

मी ते कुलूप काढलं आणि त्या अकाउंटचा नवीन पासवर्ड सर्व्हिसमध्ये घातला. अण्णांच्या खिशात टुंग वाजलं. अण्णांनी मोबाइल काढून कपाळाला लावला, आणि मग मला म्हणाले, "ताई, आता जेवून घिऊ. माजं ताट तसंच हाय, तुमचंबी वाढायला सांगतो."

हल्ली त्या ऑफिसात पासवर्ड बदलायचे असले की अण्णा केबिनमधून ओरडतात, "चुलत्याला सांगितलं का?"

*

इंदापूर तालुक्यातल्या एका डायलिसिस सेंटरचा किस्सा मी फार जणांना सांगितलेला नाही.

पेशंटची सगळी माहिती बारामतीच्या मोठ्या दवाखान्यातल्या सर्व्हरवर. सेंटरमधली सर्व्हिस ती सकाळी आणून ठेवते. त्या दिवशी लाइट गेली, आली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. पण सर्व्हिस आधी उठली आणि जोडणी नंतर झाली. दार बंद दिसल्यावर सर्व्हिसनं प्रयत्नच सोडून दिला. माहितीच्या जागी कोरा पडदा.

मी पोचले तेव्हा बाकावर पेशंट बसलेले. सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "ताई, मागच्या वेळचं वजन, कुणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं त्यात आहे. बारामतीला फोन लावतेय, तिथंही लाइन बिझी. अंदाजानं सुई नाही टोचता येत."

मी बसले. मागं माणसं बसलीयेत, अंगात साठलेल्या पाण्यानं त्यांच्या पायांना सूज आहे, हे दिसत होतं. एकदा पासवर्डच चुकला.

पहिल्या बाकावर भागवतराव म्हणून एक आजोबा होते. टोपी, धोतर, मांडीवर टॉवेल. ते म्हणाले, "बाई, निवांत करा. आमाला हितं बसायची सवय हाय. तुमालाच न्हाय."

सगळा बाक हसला. मीही हसले, आणि पासवर्ड परत घातला, या वेळी बरोबर. सर्व्हिस पुन्हा सुरू केली. माहिती ओळीओळीनं पडद्यावर उतरली. सिस्टरनं पहिलं नाव पुकारलं, ते भागवतरावांचंच. मग मी बसून नीट बंदोबस्त केला, की आधी जोडणी व्हावी आणि मगच सर्व्हिसनं उठावं.

मी निघाले तेव्हा भागवतराव मशीनला जोडलेले होते. त्यांनी मोकळ्या हातानं मला जवळ बोलावलं. सिस्टरला म्हणाले, "माजा टॉवेल द्या त्यास्नी. खांद्यावर घाला. शाल समजा."

"अहो आजोबा, कशाला?"

"असू द्या! आमच्या भागात कॅनॉलचं पानी आननाऱ्याचं लई सत्कार झालं. अंगातलं पानी काढून दिल्याबद्दल पयलाच करतोय!"

टॉवेल मी परत देत होते. त्यांनी घेतला नाही.

*

आता हा एक. हा निघाला की दिलीपसर चष्मा पुसायला घेतात.

बारामतीतल्या एका वाचनालयात अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. वाचणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. मागच्या खोलीत दार लावून, पंखा बंद करून वाचायच्या, कारण पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. उन्हाळ्यातसुद्धा! धडा संपला की सेव्ह दाबायचं. मग मागं चाललेली सर्व्हिस तो धडा पुण्यातल्या एका संस्थेच्या सर्व्हरवर पाठवायची, आणि तिथून तो मुलांच्या मोबाइलवर जायचा.

वाचनालयात नवीन कॉम्प्युटर आला. जोडणीचं सॉफ्टवेअर ग्रंथपालांच्या लॉगिनमध्ये बसलं. सर्व्हिसला रस्ता मिळेना. पण पडद्यावर 'सेव्ह झालं' असंच यायचं, त्यामुळं कुणाला कळलं नाही. बाई पुढचा धडा घ्यायच्या.

त्याच सुमाराला बाईंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. हातातलं इतिहासाचं पुस्तक आधी संपवायचं म्हणून बाई रोज दिवसभर वाचत बसल्या. ग्रंथपाल म्हणायचे, बाई, घशाला आराम द्या. बाई म्हणायच्या, "आरामच द्यायचाय पुढं."

पुस्तक संपलं. ऑपरेशन झालं. बाई बऱ्या झाल्या. आवाज मात्र गेला, आणि गेला तो गेलाच.

मग एक दिवस पुण्याहून फोन आला, की अर्ध्या पुस्तकानंतर काहीच आलेलं नाही आणि मुलांची परीक्षा जवळ आलीये.

ग्रंथपालांनी मला बोलावलं. आम्ही दोघांनी सगळे फोल्डर धुंडाळले. काही नाही. ग्रंथपाल खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वैशाली, बाईंना आता काय सांगू? परत वाचा म्हणायचीसुद्धा सोय नाही."

मी सर्व्हिसची नोंद उघडली. पाथ नॉट फाउंड. खाली पुन्हा तेच. त्याच्या खाली पुन्हा तेच. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शब्द होता, 'रिट्राय'. म्हणजे ती अजून प्रयत्न करत होती! आणि प्रयत्न करतेय म्हणजे पाठवायचं सामान तिनं कुठंतरी धरून ठेवलेलं असणार.

शोधत गेले. विंडोजच्या आत, जिथं कुणी कधी जात नाही अशा एका फोल्डरमध्ये, सगळे धडे ओळीनं पडलेले होते. मी एक उघडला. बाईंचा आवाज आला. ग्रंथपाल उभे राहिले.

मी सर्व्हिसला स्वतंत्र अकाउंट दिला, परवानगी दिली, रस्ता मोकळा केला. धडे एकामागून एक पुण्याला निघाले.

परीक्षा झाल्यावर ती मुलं बाईंना भेटायला वाचनालयात आली. ग्रंथपालांनी स्पीकर लावला आणि पुस्तकाचा शेवटचा धडा सुरू केला. बाई पहिल्या रांगेत, मांडीवर पाटी. हल्ली त्या पाटीवर लिहूनच बोलतात. डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच त्यांनी खडू घेतला, लिहिलं आणि पाटी माझ्याकडं वळवली. मुलांना दिसणार नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचलं.

"फार भरभर वाचते ही बाई. तिला सांग, जरा दमानं."

मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही तर तुम्हाला डबल स्पीडला लावून ऐकतो!"

बाईंनी पदरानं पाटी खसाखसा पुसली. एकच शब्द लिहिला, केवढा मोठा! आणि पाटी पुन्हा माझ्यासमोर धरली. मी जमेल तेवढ्या जोरात वाचला,

"नालायकांनो!"